अर्धविरामापुढच्या ओळी

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ विक्रीला आली. ही तारीख कुणालाही पडताळून पाहता येईल. त्यानंतर प्रोग्रॅमांनी आपली सेटिंग्ज सुट्या मजकूर-फायलींत न ठेवता रजिस्ट्री नावाच्या एकाच मोठ्या कोठारात ठेवावीत, असा प्रघात पडत गेला. एका श्रवणयंत्र केंद्रात तो प्रघात पोचायला आणखी अकरा वर्षे लागली, आणि पोचल्यापासून वर्षभराच्या आत तिथल्या साचेवालीचा डावा कान कायमचा गेला. यात कोठाराचा दोष नव्हता. दोष कुणाकुणाचा आणि किती, हे सांगायचे तर सुरुवात साचेवालीपासूनच करावी लागते, कारण या प्रकरणातला उरलेला एकमेव कागद तिच्याजवळ आहे, आणि तोही अपुरा आहे.

केंद्र एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. पुढे काउंटर, मध्ये काचेच्या दाराची तपासणीची खोली, आणि सगळ्यात मागे, न्हाणीघराएवढ्या जागेत, साचेवालीचे टेबल. श्रवणयंत्र कानात घट्ट बसावे म्हणून प्रत्येक कानाच्या मापाचा साचा लागतो. दोरा बांधलेला कापसाचा बोळा आधी कानात सरकवायचा, मग गुलाबी लगदा भरायचा, आणि माणसाला तोंड न हलवता दहा मिनिटे बसवून ठेवायचे. निघालेल्या ठशावरून ती साचा घडवी, पात्याने कडा उतरवी, कानशीने घाशी आणि ओला साचा जुन्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर वाळत ठेवी. असे तिने सव्वीस वर्षे केले होते. चेहरे ती विसरे, कान विसरत नसे. रस्त्यात कुणी ओळख दाखवली की ती आधी त्याच्या कानाकडे पाही आणि मग हसे.

तिचे स्वतःचे कान एकोणिसाव्या वर्षी आलेल्या तापात गेले होते. उजव्यात थोडी धुगधुगी राहिली होती: दार आपटल्याचे, गाडीच्या हॉर्नचे कळे, बोललेले कळत नसे. शब्द ऐकायचा तो डाव्यानेच. पण डावा कान मोठा तऱ्हेवाईक होता. आवाज थोडा चढवला की कानशिलात खिळा ठोकल्यासारखे होई, थोडा उतरवला की काहीच पोचत नसे. या दोहोंच्या मधली जागा दोऱ्याइतकी बारीक होती. तीन ठिकाणच्या तीन जाणकारांनी ती शोधून हात टेकले होते. चौथ्याला ती सापडली. तो तिचा नवरा होता, आणि त्याला त्यासाठी अकरा महिने लागले.

नवरा त्याच केंद्रात मधल्या खोलीत बसे. ग्राहकाचे श्रवणयंत्र वायरीने संगणकाला जोडायचे आणि कुठल्या पट्टीतला आवाज किती वाढवायचा, किती दाबायचा हे आकडे त्यात भरायचे, हे त्याचे काम. केंद्रातली माणसे त्याला कानसेन म्हणत. आधी कौतुकाने, मग सवयीने, आणि शेवटी शेवटी कुचेष्टेने.

कानसेन ज्या जुन्या प्रोग्रॅमवर काम करी, त्यात प्रत्येक ग्राहकाची एक छोटी मजकूर-फाइल असे. ती साध्या नोटपॅडमध्येही उघडे. एका ओळीत एक नाव, बरोबरचे चिन्ह, आणि आकडा. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकला, तर ती ओळ प्रोग्रॅम वाचत नसे, ओलांडून पुढे जाई. या सवलतीचा कानसेनने जो उपयोग केला, तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसेल. प्रत्येक आकडा का बदलला, हे तो त्याच्या वर, अर्धविराम टाकून, तारखेसह लिहून ठेवी.

«; नातू किंचाळला की कानात सुई जाते म्हणतात. चार हजाराच्या पट्टीत तीनने उतरवले. नातू बदलून मिळत नाही.»

«; पंख्याचा आवाज नको, बायकोचा हवा. दोन्ही एकाच पट्टीत येतात. एकच उतरवता येणार नाही, निवडा म्हटले. पंखा गेला पाहिजे म्हणाले. बायको समोर बसली होती.»

अशा सहाशे बारा फायली होत्या. साचेवालीची फाइल त्यांत सर्वांत लांब होती. तिच्यात आकड्यांच्या ओळी अठ्ठावीस होत्या आणि अर्धविरामाच्या एकशे त्रेचाळीस. संख्या तिने स्वतः एकदा मोजली होती. मजकूर मात्र वाचला नव्हता. फाइल इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत होती, आणि ती वाचणे म्हणजे तिला तांदळातले खडे वेचण्यासारखे वाटे. «आकडे बरोबर आहेत ना,» ती म्हणे, «मग कारणं तुमच्याजवळ राहू द्या.»

कानसेन सज्जन होता असे मात्र कुणी म्हणणार नाही. नवा ग्राहक बिचकला की तो बायकोला मागच्या खोलीतून बोलावी, पाठमोरी उभी करी, आणि सहा पावले मागे जाऊन कुजबुजत्या आवाजात म्हणे, «अगं ए, दूध उतू गेलं.» ती न वळता म्हणे, «गॅस तुम्ही बंद करा, मी साचा करतेय.» ग्राहक हसे आणि मशीन घेई. कधी कधी दुधाच्या जागी तो दुसरेच काही बोले. तिच्या माहेरावरून, तिच्या अंगाच्या आकारावरून. तीही चार लोकांत उत्तर देई आणि मागे जाऊन कानस हाती घेई. ऐकू येण्याचे हे भाडे आहे, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

केंद्राच्या मालकीणबाईंचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी कारभार आपल्या भाच्याकडे दिला. भाचा संगणकाचे शिकून आला होता. काउंटरवरच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात त्याचे भाचेसाहेब केले आणि ते नाव चिकटले. तो पहाटे उठणारा, नेटका, टेबलावर कागद दिसला की कपाळाला आठी घालणारा तरुण होता. केंद्रातून कुणी नोकरी सोडली, की तो माणूस जिना उतरेपर्यंत त्याचे संगणकावरचे खाते पुसून झालेले असे. याचा त्याला अभिमान होता. «खाली पाय टेकायच्या आत नाव गेलेलं असतं,» तो सांगे, «मागे भुतं ठेवायची नाहीत.»

कानसेनच्या फायली पाहून तो हादरला, आणि त्याच्या हादरण्याला आधार होता, हे नोंदवले पाहिजे. मजकूर-फाइल कुणीही उघडावी, कुणीही बिघडवावी. पूर्वी एकदा खुद्द कानसेनच्याच बोटाखाली एक शून्य जास्त पडले होते आणि एका वृद्ध बाईच्या कानात दिवसभर शिट्टी वाजत राहिली होती. भाचेसाहेबाने २००६च्या सप्टेंबरात नवा प्रोग्रॅम आणला. त्याची सगळी सेटिंग्ज रजिस्ट्रीत जात. तिथे आकड्याच्या जागी आकडाच बसतो, मर्यादेबाहेरचा असेल तर हा प्रोग्रॅम तो घेतच नसे, आणि येताजाता कुणाचा धक्का लागायची भीती नाही.

«आणि कारण कुठे लिहायचं?» कानसेनने विचारले. मधल्या खोलीचे दार उघडे होते. साचेवाली आपल्या टेबलावरून दोघांची तोंडे पाहू शकत होती आणि डाव्या कानाने ऐकूही शकत होती.

«कसलं कारण?»

«आकडा का बदलला त्याचं.»

«ते लिहायची गरज काय?»

«साहेब, तुमच्या कोठारात धान्य आहे. पण कुठल्या शेतातलं, कधी भरलं, कीड का लागली, हे लिहायला चिठ्ठी चिकटवायची सोय नाही.»

«काका,» भाचेसाहेब शांतपणे म्हणाला, «कारणं ग्राहकाला ऐकू येत नाहीत. आकडे ऐकू येतात.»

काउंटरवरची मुलगी हसली. त्या दिवशी डाव भाच्याने जिंकला, आणि वाद तिथेच संपला असता. पण दुसऱ्या आठवड्यात भाचेसाहेब हौसेने एका ग्राहकाचे मशीन स्वतः लावायला बसला. मशीन असे काही किंचाळले की ग्राहक खुर्चीतून उडाला. दारात कानसेन हाताची घडी घालून उभा होता. बाहेर सातआठ माणसे बसली होती. «साहेब,» तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, «ते कानात घालायचं असतं. कानाखाली वाजवायचं नसतं.»

हशा जिन्यापर्यंत गेला. साचेवालीही हसली, आणि तिने भाचेसाहेबाचे कान पाहिले. ते तांबडे होऊन पुन्हा पांढरे पडले होते. ओठ, डोळे खोटे बोलतात. कानाला ते जमत नाही. तिने तेव्हाच ओळखले की हे इथे संपणार नाही.

दुसऱ्या दिवशी कानसेनचे खाते मर्यादित झाले. म्हणजे संगणक वापरायचा, पण त्याच्या मूळ व्यवस्थेत हात घालायचा नाही. घरातल्या माणसाला पाहुण्याची खोली दिल्यासारखे ते होते. मग भाचेसाहेबाने त्याच्यासमोर यादी ठेवली: सहाशे बारा फायलींतले आकडे नव्या प्रोग्रॅममध्ये हाताने भरायचे. फक्त आकडे. भरून झाले की जुन्या फायली पुसायच्या.

ते काम चार महिने चालले. याच काळात कानसेनच्या एक गोष्ट लक्षात आली. रजिस्ट्रीत एक भाग सबंध संगणकाचा असतो, सर्वांसाठी. आणि प्रत्येक खातेदाराचा स्वतःचा एक भाग असतो, फक्त त्याच्यापुरता. नवा प्रोग्रॅम सेटिंग्ज सर्वांच्या भागात ठेवू पाही. तिथे लिहायचा अधिकार नसला तर मुकाट्याने खातेदाराच्या भागात ठेवी. कानसेनचा अधिकार भाच्याने स्वतःच काढून घेतलेला होता. म्हणून सहाशे बारा माणसांचे आकडे कानसेनच्या खाजगी भागात साठत चालले होते. त्या फजितीनंतर तपासणीच्या खोलीतल्या संगणकावर दुसरे कुणी बसतच नसे. त्यामुळे दुसऱ्या कुणाला हे दिसण्याचा संभव नव्हता.

हे साचेवालीला माहीत आहे, कारण त्याने ते तिला सांगितले. जेवताना, डाव्या बाजूला बसून, नेहमीच्या आवाजात. «सगळं माझ्या नावाखाली पडतंय,» तो म्हणाला. «त्याला वाटतंय दुकानाच्या कोठारात चाललंय. चाललंय माझ्या खिशात.»

«मग सांगा की त्यांना.»

«त्यानं विचारलं तर सांगीन.»

«आणि नाही विचारलं तर?»

«तर मी गेलो की खिसा माझ्याबरोबर.» तो हसला. तिला ती नेहमीची बढाई वाटली. तिने भांडी उचलली.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी भाचेसाहेबाने सर्वांना मधल्या खोलीत बोलावले आणि कानसेनला त्याच्याच हाताने जुना फोल्डर पुसायला लावला. पडद्यावर प्रश्न आला: नक्की पुसायचे का. कानसेनने खांद्यावरून मागे पाहिले.

«दाबा, काका. एकच गोष्ट दोन घरी नांदली की भांडणं होतात.»

«दोन घरी नाही, साहेब. एका घरी नांदतेय, दुसऱ्या घरी नुसती कोंडलीय.»

«दाबा.»

कानसेनने दाबले. आकडे दुसरीकडे होते. कारणे मात्र त्या क्षणी गेली. साचेवालीच्या एकशे त्रेचाळीस ओळींसह सगळी. भाचेसाहेबाने टाळी वाजवली, आणि बाकीच्यांनाही वाजवावी लागली. साचेवालीच्या हाताला लगदा लागला होता, तेवढ्याने ती सुटली.

बारा मार्च २००७ रोजी एक निवृत्त शिक्षिका आपले मशीन घेऊन आल्या. गेल्या खेपेला तुम्ही काहीतरी बदलले होते, ते कशासाठी होते हो, असे त्यांनी विचारले. भाचेसाहेब दारातच उभा होता. कानसेन म्हणाला, «कारण होतं, बाई. साहेबांनी पुसून घेतलं. आता तुम्ही आणि मी दोघंही बहिरे.»

शिक्षिकाबाई हसल्या. भाचेसाहेब हसला नाही. शिक्षिकाबाई जिना उतरताच त्याने कानसेनसमोर एक छापील फॉर्म ठेवला. फॉर्म भरूनच आणलेला होता. नोकरी संपल्याची तारीख आजची होती. फक्त एक रकाना मोकळा होता: पुढील व्यक्तीकडे सोपवण्याजोगे काही राहिले आहे काय.

साचेवाली दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात कुणातरी परक्याचा ओला कान होता.

«काही सांगायचं राहिलंय का, काका?» भाचेसाहेबाने विचारले. आवाजात गोडवा होता. जिंकलेल्या माणसाला तो परवडतो.

कानसेनने फॉर्मकडे पाहिले. मग संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. साचेवालीकडे पाहिले का, हे तिला सांगता येत नाही. त्या वेळी ती त्याच्या ओठांकडे पाहत होती.

«नाही,» कानसेन म्हणाला. तोच शब्द त्याने रकान्यात लिहिला आणि खाली सही केली. तो फॉर्म केंद्रात आजही आहे. अक्षर स्थिर आहे.

तिला वाटले, आपण बोलावे. ओठांवर आले होते: अहो, ते खिशाचे सांगा ना. पण नवऱ्याचा अपमान चालू असताना त्याचे गुपित फोडायचे, आणि तेही त्याच्या शत्रूपुढे, हे तिच्या हातून झाले नाही. आजवर चार लोकांत त्याने टाकलेला प्रत्येक शब्द तिने झेलला होता. हाही झेलला.

तो जिना उतरू लागला. भाचेसाहेब खुर्चीत बसला. खाते पुसताना संगणकाने विचारले, या माणसाच्या फायली ठेवायच्या का. भाचेसाहेब बेफिकीर नव्हता. त्याने ठेवा म्हटले. संगणकाने कानसेनच्या डेस्कटॉपवरच्या आणि दस्तऐवजांच्या फोल्डरमधल्या फायली जपून ठेवल्या. तिथे एक सुट्टीचा अर्ज होता आणि अग्निशामक नळकांड्याची सूचनापुस्तिका होती. खात्याचा रजिस्ट्रीतला भाग फायलींत मोजला जात नाही. तो गेला. त्याच आठवड्यात भाचेसाहेबाने त्या संगणकावर विंडोज नव्याने टाकली, कारण त्याला जुन्या माणसाचा वास नको होता. त्यामुळे पुढे बोलावलेल्या तज्ज्ञालाही काही उकरून काढता आले नाही.

लगेच काही घडले नाही. ज्याच्या त्याच्या कानातल्या मशीनमध्ये ज्याचे त्याचे आकडे होतेच. मशीन निकामी होऊन नवे घ्यायची वेळ आली तरच केंद्रातली नोंद लागे. ती वेळ पहिल्यांदा अठराव्या दिवशी आली. मग आठवड्याला दोन, कधी चार. माणसे नवे मशीन घालून बसत आणि म्हणत, हे आमचे नाही. भाचेसाहेब त्यांना सवय होईल म्हणून सांगे. एक म्हातारा म्हणाला, सवय व्हायला मला किती वर्षं देताय.

मालकीणबाईंनी साचेवालीच्या हाती निरोप धाडला. तिने घरी येऊन तो जसाच्या तसा सांगितला: बाई विचारतायत, काही प्रत आहे का.

«कारणं पुसली तेव्हा कुणी विचारायला आलं नव्हतं,» कानसेन म्हणाला. तो खिडकीशी बसून नखे कापत होता. «सांग, होती ती त्यांच्याकडेच होती.»

त्याचा चेहरा तिने तेव्हा पाहिला. कित्येक दिवसांनी तो माणूस तृप्त दिसत होता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साचेवालीचे स्वतःचे मशीन गेले. सात वर्षांचे झाले होते. आधी खरखरले, मग अडखळले, आणि एका सकाळी कणीक तिंबता तिंबता बंद पडले. तिने बॅटरी बदलली, नळी फुंकली, साचा धुऊन पुसला. दुसऱ्यांची हजार मशीने तिने अशी चाळवून जागी केली होती. मग ती पाटावर बसली, आणि सहाशे बारा हा आकडा तिला पहिल्यांदाच नीट ऐकू आला. त्यात एक ती होती.

कर्मचारी म्हणून नवे मशीन तिला केंद्रातून मिळाले. ते भाचेसाहेबाने लावले. तपासणीचा आलेख घातला की प्रोग्रॅम आपणहून आकडे सुचवतो. ते त्याने जसेच्या तसे भरले. डाव्या कानात पत्र्यावर खडे पडू लागले. त्याने उतरवले, खडे थांबले, आणि जगही थांबले. मधली दोऱ्याएवढी जागा कुठे आहे हे त्याला कसे कळावे. एका दुपारी त्याने सात वेळा प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

मग एकदा बाहेर नवे ग्राहक बसले होते, आणि भाचेसाहेबाला जुना खेळ आठवला. त्याने तिला बोलावले, पाठमोरी उभी केली, आणि सहा पावले मागे जाऊन काहीतरी म्हणाला. ती वाट पाहत उभी राहिली. समोर काचेचे दार होते. त्यात तिला काउंटरवरच्या मुलीचे खांदे हलताना दिसले, मग बाकीच्यांचे. तेव्हा तिला कळले की बोलून झाले आहे. «गॅस तुम्ही बंद करा,» ती म्हणाली. दारातले खांदे अधिकच हलले. तो दूध म्हणाला नव्हता. काय म्हणाला होता हे तिला कुणी सांगितले नाही.

मालकीणबाईंना तिची दया आली. त्यांनी पाटीवर लिहून दाखवले: त्याने येऊन भाच्याची माफी मागावी, मग रोज एक तास बसून तुझा कान लावावा. अकरा महिने लागोत. मशीन आमचे.

ती पाटी घेऊनच ती घरी गेली. कानसेनने वाचली, खांद्यावरच्या पंच्याने पुसली आणि तिच्या हाती परत दिली. मग तिच्यासमोर येऊन, ओठ कळावेत असे तोंड सावकाश उघडत म्हणाला, «त्या. जिन्याची. पायरी. नाही.»

«माझ्यासाठी पण नाही?»

त्याने तेच वाक्य पुन्हा तसेच उच्चारले. ग्राहकाने वीस वेळा विचारले तरी वीस वेळा सांगणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती. तिच्यासाठी तो दोन वेळांवरच थांबला.

जूनमध्ये टेबल आवरताना तिला कागद सापडला. वाळत ठेवलेल्या साच्यांखालचा, पाठकोरा म्हणून वर्षानुवर्षे वापरलेला, गोल डागांनी भरलेला. तिने तो उलटला. तिच्याच फाइलीची जुनी छापील प्रत होती. कोपऱ्यात पान १/३ असे होते. तिने सगळी चळत उपसली. पान दोन आणि तीन नव्हती. ती कधीतरी लगद्यात चिकटून केराच्या टोपलीत गेली असणार, आणि तिच्याच हाताने.

पहिल्या पानावर उजव्या कानाचे सर्व आकडे होते. ते भरल्यावर उजवा कान पूर्ववत झाला: दार आपटल्याचे पुन्हा कळू लागले, हॉर्नचे कळू लागले. डाव्या कानाचे आकडे पुढच्या पानावर गेले होते. पहिल्या पानाच्या तळाशी त्याच्या नोंदीची फक्त सुरुवात होती. या खेपेला तिने खडे वेचत वेचत ती वाचली.

«; डावा कान. माझा आवाज तिला»

तिथे पान संपत होते.

त्या रविवारी दुपारी तिने तो कागद जेवणाच्या टेबलावर त्याच्यापुढे ठेवला. शेजारी पेन्सिल ठेवली. «पुढचं सांगा,» ती म्हणाली. आपला आवाज आता केवढा येतो हे तिला कळत नसे; त्याने दचकून शेजारच्या भिंतीकडे पाहिले, त्यावरून मोठा आला असावा.

त्याने मान हलवली. सात वर्षे झाली, असे काहीसे बोटांनी दाखवले.

«बरं, ते राहू द्या. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात. माझी फाइल त्यातच होती. तुम्हाला आठवण होती का?»

कानसेन उठून खिडकीशी गेला. त्याची पाठ तिच्याकडे होती. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. दोन वाक्ये असावीत. दुसरे अधिक लांब. ती उठून त्याच्या तोंडासमोर जाईपर्यंत ते मिटले होते.

«मला आलं नाही ऐकू. लिहून द्या.»

तो टेबलाशी आला. पेन्सिल घेतली. छापील ओळीच्या खाली, समासाला धरून, त्याने एक अर्धविराम काढला. नीट, सावकाश, वरचा ठिपका आणि खालची शेपटी. मग पेन्सिल कागदाच्या कडेला समांतर ठेवली आणि चप्पल घालून बाहेर गेला. वर्षानुवर्षे प्रत्येक आकड्याचे कारण लिहिणारा माणूस, ज्या खुणेपुढचे काही वाचले जात नाही ती खूण तेवढी करून निघून गेला.

ती अजून साचे करते. तो घरीच असतो. दोघांत आता बरेचसे खुणांवर भागते: पाणी, दार, किल्ली. तिने पुन्हा विचारलेले नाही.

कागद तिच्या टेबलाच्या खणात आहे. त्यावरून उजव्या कानाचे आकडे ठाऊक आहेत. नोंदीची तारीख ठाऊक आहे. त्या फॉर्मवर «नाही» हा शब्द कुणी लिहिला हे ठाऊक आहे, आणि लिहिताना सहाशे बारा माणसांचे काय होणार हे त्याला माहीत होते, हेही ठाऊक आहे. त्या बारा मार्चला त्या सहाशे बारांत आपली बायको आहे हे कानसेन विसरला होता, की त्याला ते आठवत होते आणि तरीही त्याने तेच लिहिले, हे ठाऊक नाही. खिडकीशी तो काय बोलला हे ठाऊक नाही. त्याचा आवाज तिला काय होत असे, ते दुसऱ्या पानावर होते.